रॉकेटचा टप्पा परत उतरवताना हवा काय करते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकेट उभ्याने उतरताना पाहिलं की नजर इंजिनाच्या ज्वाळेवर खिळते. संशोधकांची डोकेदुखी मात्र त्या ज्वाळेभोवतीची हवा असते. या विषयावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ घेतलं आहे, कारण सर्वांत जास्त वेळा उतरलेलं आणि सर्वांत जास्त निरखलं गेलेलं रॉकेट तेच आहे.

इंजिन खाली तोंड करून पेटवलं की रॉकेट थांबणारच. मग हवेचा अभ्यास कशाला?

कारण थांबवण्याचं निम्मं काम हवाच करते, आणि तेही जवळपास फुकटात.

उड्डाणाच्या थेट प्रसारणात पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्या टप्प्याचा, म्हणजे रॉकेटच्या आधी सुटणाऱ्या खालच्या भागाचा, वेग दिसतो, त्यावरून घरबसल्या हिशेब करता येतो. समुद्रातल्या जहाजावर उतरणाऱ्या मोहिमेत टप्पा दाट हवेकडे येतो तेव्हा वेग ताशी ८,००० किलोमीटरच्या आसपास असतो. तीन इंजिनं थोडा वेळ पेटतात आणि तो ५,५०० च्या घरात येतो. त्यानंतर बराच वेळ इंजिनं बंद असतात, तरी वेग उतरत जाऊन १,००० च्या जवळ येतो. उरलेला वेग शेवटी पुन्हा पेटवलेलं इंजिन मारतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वाटणी अशी पडते: पहिल्या ज्वलनात सुमारे निम्मी ऊर्जा जाते, उरलेली जवळजवळ सगळी हवा खाते, आणि ज्याचे व्हिडिओ आपण पुन्हापुन्हा पाहतो त्या शेवटच्या ज्वलनाच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन टक्के येते. हा स्थूल हिशेब आहे. उंचीमुळे असलेली ऊर्जा धरली तर हवेचा वाटा आणखी वाढतो.

हवेने केलेल्या कामासाठी इंधन लागत नाही. परतीसाठी राखून ठेवलेल्या इंधनाचं वजन उपग्रहाच्या वजनातून कापलं जातं, म्हणून हवेकडून जितकं जास्त काम करून घ्याल तितका मोठा उपग्रह नेता येतो. भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या मार्गावर फाल्कन ९ टप्पा टाकून द्यायच्या तयारीने ८.३ टन नेऊ शकतं, आणि टप्पा परत आणायचा असेल तर साधारण ५.५ टन. या दोन आकड्यांमधली दरी कमी करणं हे या संशोधनाचं पोटापाण्याचं कारण.

मग सगळंच हवेवर का सोडत नाहीत?

हवा एका मर्यादेपलीकडे थांबवत नाही. रिकामा टप्पा साधारण २७ टनांचा मानू. व्यास ३.६६ मीटर, म्हणजे हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ साडेदहा चौरस मीटर. अवरोध गुणांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा आकडा, १ धरला तर जमिनीलगतचा अंतिम वेग, ज्यापुढे हवा वेग आणखी कमी करू शकत नाही, सेकंदाला २०० मीटर निघतो, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून जास्त. त्या वेगाने आदळलेल्या टप्प्याचे तुकडेच गोळा करावे लागतील.

पॅराशूट लावलं तर?

लावून पाहिलं आहे. फाल्कन ९ च्या २०१० मधल्या पहिल्या दोन्ही उड्डाणांत पहिल्या टप्प्यात पॅराशूट होतं. दोन्ही टप्पे पॅराशूट उघडायची वेळ येण्याआधीच हवेत फुटले. टप्पा म्हणजे आतून जवळजवळ पोकळ असलेली, पातळ भिंतींची, चाळीसेक मीटर लांबीची नळी. वर जाताना ती टोकाने हवा कापते आणि आतल्या दाबामुळे ताठ राहते. परतताना ती आडवीतिडवी होऊन दाट हवेत शिरली तर टिकत नाही. त्या दोन अपयशांमधून कंपनीने दोन गोष्टी घेतल्या: दाट हवेत शिरण्याआधी वेग कमी करायचा, आणि शिरताना टप्प्याचं तोंड नेमकं हव्या त्या दिशेला ठेवायचं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

छोट्या रॉकेटचं गणित वेगळं असतं. रॉकेट लॅबने आपलं इलेक्ट्रॉन पॅराशूटने उतरवलं आणि मे २०२२ मध्ये हेलिकॉप्टरने हवेत पकडूनही पाहिलं. पण पॅराशूटने उतरलेली वस्तू वारा नेईल तिथे जाते, म्हणून ठरलेल्या जागी अलगद ठेवायचं असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

टप्पा खाली येताना उलटा का पडत नाही?

उलट विचारायला हवं: इंजिनं खाली असणं हीच त्याची नैसर्गिक स्थिती आहे का? बऱ्याच अंशी हो. इंधन संपल्यावर टप्प्याचं बहुतेक वजन तळाच्या नऊ इंजिनांपाशी असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो. हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटल्यासारखा वागतो, तो दाबमध्य वर राहिला की कलंडलेला टप्पा आपोआप सरळ व्हायला बघतो. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बुचाकडची बाजू पुढे करूनच पडतं, त्यातलाच प्रकार. वरच्या टोकाला उघडणारे पंख दाबमध्य आणखी मागे सारतात.

अडचण अशी, की दाबमध्य एका जागी थांबत नाही. ध्वनीच्या पाचपट वेगाला तो एका ठिकाणी, ध्वनीच्या वेगाजवळ दुसरीकडे, आणि इंजिन पेटलं की तिसरीकडेच. तळाशी ज्वाळा असताना हवा टप्प्याच्या अंगाला नीट लागतच नाही. या प्रत्येक अवस्थेतली बलं आणि आघूर्णं (टप्प्याला वळवू पाहणारा जोर) आधी माहीत नसतील तर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर काय भरवशावर लिहायचं? एरोडायनॅमिक्सवाले नियंत्रणवाल्यांना जी भलीमोठी कोष्टकं देतात, ती याच प्रश्नाची उत्तरं असतात.

स्वतःच्याच ज्वाळेत शिरत खाली येण्याचा प्रकार नेमका काय आहे?

ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पुढे जात असताना त्याच दिशेने रॉकेट इंजिन पेटवायचं. याला सुपरसॉनिक रेट्रोप्रोपल्शन म्हणतात. या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या बोथट वस्तूपुढे हवेत एक शॉक वेव्ह, म्हणजे दाब एकदम वाढणारी पातळ भिंत, उभी राहते. तिच्यामागे हवा दाबली जाते, तापते, आणि तो दाब वस्तूला मागे रेटतो. आता त्या वस्तूच्या नाकातूनच समोर रॉकेटचा झोत सोडला. झोतही ध्वनीपेक्षा वेगवान आणि समोरून येणारी हवाही. दोघांना थांबावंच लागतं, म्हणून झोताच्या आत एक वेगळी शॉक वेव्ह तयार होते, बाहेरच्या हवेची शॉक वेव्ह आणखी पुढे ढकलली जाते, आणि मध्ये एक सीमा तयार होते जिथे झोताचे वायू आणि हवा समोरासमोर येऊन बाजूला वळतात. वळलेले वायू टप्प्याच्या अंगावरून मागे वाहत जातात.

परिणाम पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. इंजिन पेटल्यावर रेटा आणि हवेचा अवरोध यांची बेरीज मिळावी अशी आपली अपेक्षा. पण झोत तळाला हवेपासून झाकून टाकतो, म्हणून अवरोध कोसळतो. मंगळावर यान उतरवण्याच्या तयारीत अमेरिकेत १९६० च्या दशकापासून हे प्रयोग झाले होते. मधोमध एकच नॉझल (झोत बाहेर पडण्याचं तोंड) असेल तर थोड्याशा रेट्यानेही अवरोध झपाट्याने घटतो. कडेला अनेक नॉझल असतील तर कमी रेट्याला त्यातला काही भाग शिल्लक राहतो. रेटा मोठा झाला की दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

फाल्कन ९ मध्ये रेटा किती मोठा, ते बघा. समुद्रसपाटीला त्याचं एक मर्लिन इंजिन सुमारे ८४५ किलोन्यूटन देतं, तीन मिळून अडीच हजार. ५० किलोमीटर उंचीवर हवेची घनता घनमीटरला एखादा ग्रॅम असते. तिथे सेकंदाला १,५०० मीटर वेगाने येणाऱ्या टप्प्याच्या तळावर हवेचा दाब मोजला तर बल दहा-बारा किलोन्यूटनच्या आसपास भरतं. म्हणजे इंजिनांचा रेटा हवेच्या दोनशेपट. तिथे हवा वेग कमी करण्याच्या कामी जवळजवळ नसतेच. ते ज्वलन दाट हवेत शिरण्यापूर्वी वेग उतरवण्यासाठीच असतं, कारण तापणं साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. आणखी एक गंमत अशी की पेटलेल्या त्या काळात, विरळ हवेत रॉकेटच्या व्यासाच्या अनेकपट पसरलेला झोत त्याची ढाल बनतो.

झोत ढाल होत असेल तर टप्पा काळा का होतो?

ढाल गरम आणि काजळीने भरलेली असते म्हणून. मर्लिन इंजिन केरोसिनवर चालतं आणि जळताना इंधनाचं प्रमाण थोडं जास्त ठेवलेलं असतं. तेच वायू वळून अंगावरून मागे जातात. उतरलेल्या टप्प्याचा फोटो नीट पाहिला तर खालची केरोसिनची टाकी जास्त काळी आणि वरची द्रव ऑक्सिजनची टाकी त्या मानाने स्वच्छ दिसते. अतिथंड टाकीवर साचलेल्या हिमामुळे तिथे काजळी कमी धरते.

नासाला या सगळ्यात रस का?

मंगळामुळे. तिथली हवा पृथ्वीच्या मानाने एक टक्का. २०२१ मध्ये उतरलेली पर्सिव्हिअरन्स गाडी सुमारे एक टनाची आहे, आणि पॅराशूटची पद्धत तिथे तिच्या टोकाला पोचली आहे. माणसं न्यायची तर वीसेक टन एका वेळी उतरवावे लागतील. तेवढ्यासाठी पुरेल असं पॅराशूट बनवता येत नाही. उरतो तो वेगात असतानाच इंजिन पेटवण्याचा उपाय.

नासाकडे लहान मॉडेलचे प्रयोग होते, संगणकाची गणितं होती, पण खऱ्या आकाराच्या खऱ्या उड्डाणाची माहिती नव्हती. ती स्वतः मिळवायची तर खर्च प्रचंड. इकडे स्पेसएक्स आपल्या गरजेपोटी हेच करत होती, आणि पृथ्वीवर ७० ते ४० किलोमीटर उंचीवरची हवा मंगळाच्या हवेशी बऱ्यापैकी जुळते. दोघांनी करार केला. २१ सप्टेंबर २०१४ ला अंतराळ स्थानकाकडे माल घेऊन निघालेल्या फाल्कन ९ चा पहिला टप्पा परतताना नासाचं डब्ल्यूबी-५७ आणि अमेरिकी नौदलाचं ओरायन ही विमानं अवरक्त कॅमेरे रोखून तयार होती. इंजिन पेटण्यापूर्वीचा तापलेला टप्पा, पेटताच फुललेला झोत आणि त्याने झाकलं गेलेलं रॉकेट, सगळं त्यांनी टिपलं. त्या वेळी हे टप्पे समुद्रातच पडत होते, तरी माहितीच्या हिशेबात ते उड्डाण सोन्याचं ठरलं. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासात पहिल्या यशस्वी लँडिंगइतकंच ते महत्त्वाचं आहे, फक्त त्याचा व्हिडिओ कोणी स्टेटसला ठेवत नाही.

विंड टनेलमध्ये लहान मॉडेल ठेवून हे तपासता येत नाही का?

तपासतात, पण सगळं एकदम जुळवता येत नाही. साध्या विमानासाठी माख आकडा (वेग ध्वनीच्या किती पट) आणि रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि आकाराच्या मानाने हवेचा चिकटपणा किती) सांभाळले की बरंचसं काम होतं. इथे झोताचा वेग, त्याचा दाब, रेट्याचं हवेच्या दाबाशी गुणोत्तर, झोतातल्या वायूंचे गुणधर्म आणि त्यांचं तापमान, एवढं सगळं आणखी जुळावं लागतं. बहुतेक टनेलमध्ये झोतासाठी थंड दाबित हवा वापरतात. त्याने शॉक वेव्हचा आकार समजतो, पण न जळलेलं इंधन बाहेरच्या ऑक्सिजनशी भेटून पुन्हा पेटतं तेव्हा काय होतं, हे थंड हवा कसं सांगणार?

युरोपच्या रेटाल्ट प्रकल्पात, २०१९ ते २०२२ दरम्यान, कामाची वाटणीच करून टाकली. जर्मनीच्या डीएलआर संस्थेच्या कोलोन इथल्या तीन वेगवेगळ्या टनेलमध्ये प्रयोग झाले: अतिवेगाचं एकात, ध्वनीच्या वेगाच्या अलीकडचं-पलीकडचं दुसऱ्यात, आणि जमिनीजवळचं उतरणं उभ्या टनेलमध्ये. शिवाय तळाच्या उष्णतारोधक थरासाठी पोर्तुगालची बुचाची कंपनी त्या प्रकल्पात भागीदार होती. बाटलीचं बूच आणि रॉकेट एकाच झाडाच्या सालीवर विसंबणार, ही कल्पना मला फार आवडते.

आणि संगणक?

संगणकाचा अडथळा वेगळा आहे. झोत आणि हवा यांच्यातली सीमा स्थिर नसते, ती फडफडते. मोठमोठे भोवरे तयार होतात, सुटतात, टप्प्याला इकडेतिकडे ढकलतात. सरासरी काढणारी स्वस्त गणितं ही फडफड पुसून टाकतात. ती पकडायची तर काळाच्या बारीक तुकड्यांत आणि जागेच्या कोट्यवधी चौकटींत सोडवावं लागतं. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या गटाने मंगळावर उतरणाऱ्या मोठ्या यानासाठी असं काम अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या समिट या महासंगणकावर आणि नंतर फ्रंटियरवर केलं. इथे मॉडेलच्या अचूकतेइतकाच विजेच्या बिलाचाही प्रश्न असतो.

ते जाळीसारखे पंख का? विमानासारखे सपाट का नाहीत?

ग्रिड फिन ही सोव्हिएत देणगी. आर-७७ क्षेपणास्त्राच्या शेपटाला ते आहेत, सोयुझच्या संकटकालीन सुटका यंत्रणेवर आहेत, चंद्रासाठी बांधलेल्या एन-१ रॉकेटच्या तळाशीही होते.

जाळीतली प्रत्येक पट्टी म्हणजे एक छोटा पंख. प्रवाहाच्या दिशेने पंखाची रुंदी अगदी कमी, त्यामुळे तो फिरवायला लागणारं बल कमी, मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा छोटी. वर जाताना तो अंगाला चिकटवून मिटता येतो. टप्पा बराच तिरका झाला तरी जाळी काम करत राहते, सपाट पंखावरचा प्रवाह त्याआधीच सुटलेला असतो. टप्पा इंजिनं पुढे करून येत असल्याने पंखांना खालूनवर वाहणारी हवा लागते, आणि त्या चारांच्या वेगवेगळ्या फिरण्यातून टप्पा झुकवता, वळवता, स्वतःभोवती फिरवता येतो. स्वतःभोवती फिरण्याला कमी लेखू नये. २९ सप्टेंबर २०१३ च्या उड्डाणात पंख नव्हते. वेगात इंजिन पेटवण्याचा प्रयोग जमला, पण पुढे टप्पा इतका गरगरला की टाकीतलं इंधन भिंतींकडे फेकलं गेलं आणि इंजिनाला मिळेना. ते बंद पडलं.

जाळीचं दुखणं ध्वनीच्या वेगाच्या आसपास उठतं. हवा चौकोनी खणांतून जाताना आकुंचन पावते, खणातच ध्वनीचा वेग गाठते आणि तिथे प्रवाह तुंबतो. पुढे शॉक वेव्ह उभी राहते, उरलेली हवा जाळीला वळसा घालते. नियंत्रण कमी होतं, अवरोध वाढतो. वेग बराच जास्त असताना शॉक वेव्ह खणांच्या आतून पार होते, आणि बराच कमी असताना प्रवाह तुंबतच नाही. मधला पट्टा ओलांडेपर्यंत सॉफ्टवेअरने पंखांवर कमी विश्वास ठेवायचा असतो. पट्टीची जाडी, खणांचा आकार आणि काठाची धार यांवर इतके शोधनिबंध निघतात ते यासाठी.

सुरुवातीचे पंख बदलून टायटॅनियमचे का केले?

आधीचे ॲल्युमिनियमचे होते, वर उष्णतारोधक लेप. काही परतीच्या फेऱ्यांत ते कडेने तापून लालबुंद होत आणि झिजत. जून २०१७ पासून एकसंध ओतलेले टायटॅनियमचे पंख आले. ते मोठे आहेत, लेपाशिवाय टिकतात आणि जास्त बल देतात. एकच टप्पा ३० हून जास्त वेळा उडवायचा असेल, आणि आता तसं होतं, तर दर वेळी पंख बदलणं परवडणारं नव्हतं.

पंख बिघडला तर रॉकेट कुठे पडेल? किनाऱ्यावरच्या लोकांना धोका नाही का?

याचं उत्तर ५ डिसेंबर २०१८ ला सगळ्यांनी पाहिलं. फ्लोरिडात जमिनीवर उतरायला निघालेल्या टप्प्याच्या पंखांचा हायड्रॉलिक पंप अडकला. टप्पा गरगरत आला, शेवटी इंजिन आणि उघडलेल्या पायांमुळे सावरला आणि किनाऱ्याजवळच्या समुद्रात बऱ्यापैकी अलगद बसला. रोख मुळातच समुद्रावर धरलेला असतो. सगळं ठीक आहे याची खात्री पटल्यावरच अगदी शेवटी तो जमिनीकडे वळवतात. बिघाड झाला तर वळायचंच नाही, हा नियम. आधी जानेवारी २०१५ मध्ये जहाजावर उतरताना पंखांचं हायड्रॉलिक तेलच ऐनवेळी संपलं होतं. तिथे जहाजाला मार बसला.

टप्पा सरळ खाली न येता तिरका का येतो?

तिरक्या नळीवर हवा एका बाजूने जास्त दाबते, म्हणजे थोडी लिफ्ट (विमानाच्या पंखाला मिळते तशी उचल) मिळते. लिफ्ट मिळाली की वाट लांबवता येते, दिशा बदलता येते, दाट हवेत जास्त वेळ राहून वेग जास्त मारता येतो. इंधन वाचतं. म्हणून टप्पा सहन करेल तितका तिरका ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो.

किंमत मोजावी लागते ती सांगाड्याला. स्पेसएक्सच्याच स्टारशिप या मोठ्या रॉकेटच्या नवव्या उड्डाणात, २७ मे २०२५ ला, सुपर हेवी हा पहिला टप्पा मुद्दाम जास्त कोनात उतरवला. लँडिंगसाठी इंजिनं पेटताच तो नष्ट झाला. नंतरच्या तपासात आतल्या इंधन वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीवर अंदाजापेक्षा जास्त ताण आला असावा, ती तुटली, आणि मिथेन व ऑक्सिजन एकत्र येऊन पेटले, असं कंपनीने सांगितलं. बाहेरच्या हवेचा हिशेब चुकला तर फटका आतल्या नळीला बसतो, हे इतक्या ठळकपणे दाखवणारं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

सुपर हेवीचं आणखी वेगळेपण म्हणजे दाट हवेत शिरण्याआधीचं ज्वलनच त्यात नाही. पोलादी अंग आणि त्या मानाने कमी परतीचा वेग यांच्या जोरावर तो तसाच दाट हवेत शिरतो. त्याचे पंख मिटतही नाहीत, वर जातानाही उघडेच असतात. मिटण्याची यंत्रणा गेली, वजन गेलं. १३ ऑक्टोबर २०२४ ला तो पहिल्यांदा प्रक्षेपण मनोऱ्याच्या यांत्रिक हातांत झेलला गेला. पुढच्या आवृत्तीसाठी चाराऐवजी तीन, पण प्रत्येकी ५० टक्के मोठे पंख कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले.

शेवटच्या क्षणी फाल्कन ९ थोडं घिरट्या घालत जागा का बघत नाही?

त्याला ते जमतच नाही. रिकाम्या टप्प्याचं वजन साधारण २६५ किलोन्यूटन. एक इंजिन अर्ध्या रेट्यावर आणलं तरी ४२० च्या वर. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत टप्पा एक तर मंदावतो, नाही तर पुन्हा वर जाऊ लागतो. जमिनीला टेकणं आणि वेग शून्य होणं एकाच क्षणी जुळावं लागतं. सेकंदाला ३०० मीटर वेग असताना इंजिन दशांश सेकंद उशिरा पेटलं तर ३० मीटर हातचे गेले. आणि पेटवायचा क्षण ठरवायला त्या वेळचा अवरोध अचूक माहीत हवा. वाटेतच नवा मार्ग आखणारं गणित, ज्यात स्पेसएक्सच्या लार्स ब्लॅकमोर यांचं काम प्रसिद्ध आहे, सेकंदाच्या अंशात सुटतं, पण त्याला पुरवलेले हवेचे आकडे चुकीचे असतील तर तेही हतबल.

पाय अगदी शेवटी उघडतात. ते उघडल्यावर अवरोध बदलतो, जमिनीवर आपटून परतलेला झोत खालून चाटतो, आणि डोलणाऱ्या जहाजावर बाजूचा वारा असतोच.

उडी मारून परत उतरणारी रॉकेटं तर १९९० च्या दशकातही होती ना?

होती. मॅकडॉनेल डग्लसचं डीसी-एक्स ऑगस्ट १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोत उडून उभ्याने उतरलं. होंडाने जून २०२५ मध्ये जपानमध्ये आपलं छोटं रॉकेट २७१ मीटर उंच नेऊन ठरल्या जागेपासून ३७ सेंटिमीटरवर उतरवलं. दोन्ही कौतुकास्पद. पण अशा उड्यांत ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही जावं लागत नाही, त्यामुळे वर लिहिलेले बहुतेक प्रश्न तिथे उद्भवत नाहीत. बातमी वाचताना आधी वेग आणि उंची बघावी, सेंटिमीटर नंतर. झूच्वे-३ या चिनी रॉकेटने ३ डिसेंबर २०२५ ला पहिल्याच उड्डाणात कक्षा गाठली, पण पहिला टप्पा उतरताना गमावला. ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेनला १३ नोव्हेंबर २०२५ ला दुसऱ्याच प्रयत्नात जहाजावर उतरणं जमलं.

इस्रो यात कुठे आहे?

पंखांच्या विमानासारख्या वाटेवर जास्त पुढे, उभ्या लँडिंगमध्ये तयारीच्या टप्प्यात. २३ मे २०१६ ला श्रीहरिकोट्याहून आरएलव्ही-टीडी हे पुन्हा वापरता येणाऱ्या यानाचं पंखवालं प्रायोगिक रूप ६५ किलोमीटरवर गेलं आणि ध्वनीच्या पाचपट वेगाने परतलं. पुढे कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर एप्रिल २०२३ ते जून २०२४ दरम्यान चिनूक हेलिकॉप्टरमधून सोडून तीनदा आपोआप उतरवलं. ते कक्षेतून परतणाऱ्या यानाचं काम आहे, पहिल्या टप्प्याचं नव्हे.

टप्प्यासाठी इस्रोने एक वेगळा प्रयोग केला: ३ सप्टेंबर २०२२ ला थुंबा इथून रोहिणी रॉकेटवर हवा भरून फुगणारा अवरोधक नेला आणि ८४ किलोमीटर उंचीवर फुगवला. स्वस्त आणि हलका मार्ग, पण नेमक्या जागी उतरण्याची सोय त्यात नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ ला ८,२४० कोटी रुपये मंजूर केलेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकात, एनजीएलव्हीमध्ये, पहिला टप्पा परत येणारा असेल. त्यासाठी लागणारी साधनं बऱ्याच अंशी घरची आहेत. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात २०१७ मध्ये हायपरसॉनिक टनेल सुरू झालं, डिसेंबर २०२२ मध्ये माख ०.२ ते ४ पर्यंत चालणारं ट्रायसॉनिक टनेल, आणि प्रवाहाची गणितं करायला प्रवाह नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. उणीव आहे ती खऱ्या उड्डाणातल्या आकड्यांची. ते टनेलमध्ये मिळत नाहीत, टप्पे पाडून-पाडूनच मिळतात. स्पेसएक्सने पहिलं यशस्वी लँडिंग डिसेंबर २०१५ मध्ये करण्याआधी किती टप्पे समुद्रात आणि जहाजावर घालवले, हे आठवलं तर आपल्याकडच्या पहिल्या अपयशावर टीव्हीवर होणाऱ्या चर्चेची काळजी वाटते.

टप्पा उतरल्यावर तीन स्फोटांसारखे आवाज का येतात?

ध्वनीपेक्षा वेगात असताना टप्प्याच्या प्रत्येक ठळक अवयवापासून शॉक वेव्ह सुटते. इंजिनांचा तळ, मिटलेल्या पायांचा फुगवटा आणि वरचे पंख, अशा तीन. जमिनीवर त्या पाठोपाठ पोचतात. टप्पा उतरून झाल्यावर ऐकू येतात, कारण त्या वरून निघाल्या तेव्हा टप्पा त्यांच्यापेक्षा वेगाने खाली येत होता.

मी अभियांत्रिकीला आहे. हे शिकायला कुठून सुरुवात करू?

वायुगतिकीच्या पुस्तकातलं शॉक वेव्हचं प्रकरण नीट करा, मग पायथॉनमध्ये एका मितीतलं साधं उतरणं लिहा: वजन, रेटा, उंचीनुसार बदलणारी हवा, अवरोध. इंजिन कधी पेटवायचं ते स्वतः शोधा आणि अवरोध गुणांक दहा टक्क्यांनी बदलून पुन्हा चालवा. त्यानंतर ओपनफोम हे प्रवाहाची गणितं करणारं मोफत सॉफ्टवेअर घेऊन बोथट वस्तूसमोरची शॉक वेव्ह काढा, आणि ती जमली की त्यातून झोत सोडा. पवईच्या आयआयटीत एरोस्पेसचा विभाग आहे, बंगळुरूला आयआयएससी आहे. सतीश धवन कॅलटेकमध्ये शॉक वेव्ह आणि पृष्ठभागालगतच्या प्रवाहाचा अभ्यास करून परतले आणि आयआयएससीत त्यांनी सुपरसॉनिक टनेल उभारलं. प्रवेश परीक्षेची वाट न बघता पायथॉनचा भाग मात्र या आठवड्यातही होण्यासारखा आहे.